वळणावरची कर्टुली

"ओ, थांबवा! थांबवा म्हणते ना!"

अपेक्षा एसटीतून उडी मारूनच उतरली. कापडे गावाच्या वळणावर दरड आली होती, आणि जेसीबीची बकेट नेमकी तिच्या कर्टुलीच्या वेलावर उतरत होती. दर श्रावणात घरी त्याच वेलाची भाजी व्हायची.

इंजिन थांबलं. केबिनमधून चिखलानं माखलेला, हसरा चेहरा डोकावला. "काय झालं, ताई?"

"ताई कुणाला म्हणता? वेल मरंल तो!"

चालक भरत खाली उतरला. करवंदीच्या जाळीवर चढलेला नाजूक वेल, संध्याकाळची नुकतीच उमललेली पिवळी फुलं...

"असला आमच्या परसात पण हाय. नुसता फुलतो. आई वैतागलीय, एक फळ नाय!"

अपेक्षानं एक फूल हलकेच उलटं केलं. पाकळ्यांमागं मुगाएवढी हिरवी, काटेरी गाठ. "ही दिसली? ही असली की मादी. तुमच्याकडचा नर असणार. फळ धरायला दोन्ही लागतात... जवळ जवळ."

बोलून गेली, आणि तिचे कान तापले. भरत फुलाकडं बघतच नव्हता.

"मग ही नेऊ?"

"न्या. कुंपणाच्या कडंला लावा. उन्हाळ्यात वेल वाळंल, पण कंद जित्ता असतो — उकरू नका!"

एवढं अवजड धूड, पण बकेट अशी अलगद उतरली, जणू झोपलेलं पोर उचलायचंय. कंद ढेकळासकट वर आला. एसटीतल्यांनी टाळ्या पिटल्या.

काम आठवडाभर चाललं. पोलादपूरच्या मेडिकलमधलं काम आटपून अपेक्षा परतायची, एसटी वळणावर थांबायची, आणि भरत खिडकीशी यायचा.

"आज मान टाकलीय वेलानं."

"आज उभा राहिला!"

"आज... आईनं विचारलं, वेल दिला कुणी?"

"मग काय सांगितलंत?"

"लाजलो."

अखेर रस्ता मोकळा झाला. त्या दिवशीही भरत खिडकीशी आला.

"उद्यापासून मशीन महाडला," तो म्हणाला.

"मग?"

"मग... काय नाय."

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी हलली. अपेक्षाला राहवेना, तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कापडे! शाळेमागचं घर! रविवारी या!"

भरत एसटीमागं धावत सुटला. "येताना काय आणू?"

"आईला आणा!"

अख्खी एसटी वळून तिच्याकडं बघत होती. बघू दे.