दोनशे सात ओळी पऱ्हाटीच्या

गोकुळचा पाय वायरीत अडकला, प्लग निघाला आणि जयमालाचं सकाळपासूनचं काम कॉम्प्युटरच्या पोटात गडप झालं.

"दिसत नाही का वो तुमाले?" ती कडाडली.

"दिसते ना मॅडम," कागदांचा गठ्ठा छातीशी धरून तो म्हणाला. "दिसून राह्यलं... म्हणूनच तं अडखळलो."

आता बोला! शेगावची पोरगी असल्या बोलण्याला भीक घालणारी नव्हती. पण तिला हसू आलं, आणि तिथंच घात झाला.

त्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचा सारा तोरा उतरवला होता. बोंड फोडावं तर आत अळी! गोकुळ कृषिमित्र म्हणून आपल्या सावरखेडीत वावरोवावरी हिंडून नुकसानीचे पंचनामे भरायचा आणि जयमाला तालुक्याच्या कचेरीत ते एक्सेलमध्ये चढवायची. तिची नोकरी कंत्राटी, आज आहे उद्या नाही अशी. दोन दिवसांआड तो यायचा... कधी खिशात बोरं, कधी रुमालात उकडलेल्या तुरीच्या शेंगा.

"हे मशीन बेरीज कशी करते वो?" शेंग सोलून तिच्यापुढे ठेवत त्यानं एकदा विचारलं.

"सरसकट नाही करत. अटी सांगा लागते. गाव सावरखेडी, पीक कापूस, नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर. तिन्ही जुळल्या तरच त्या ओळीचं क्षेत्र धरते. एक हुकली का ओळ सोडून देते."

"लय कडक आहे बुवा!" तो जरा पुढे झुकला. "मंग माही ओळ पाहून घ्या. गाव सावरखेडी. शिक्षण बी.ए. आन् तिसरी अट..."

"तिसरी कोणती?"

"ते तुमच्या हातात आहे ना..."

जयमालाचे कान तापले. पुढच्या चार नोंदी तिनं चुकीच्या केल्या आणि परत खोडल्या.

बाकी सगळे पिकाच्या रकान्यात 'कापूस' लिहायचे. गोकुळ लिहायचा 'पऱ्हाटी'.

"काऊन वो असं?"

"कापूस बाजारात असते, मॅडम. वावरात उभी पऱ्हाटीच असते. माही माय असंच म्हणते."

सगळ्या 'पऱ्हाटी'चा 'कापूस' करायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण तिनं केलं नाही. वेडी! तो शब्द टाइप करताना तिला त्याचा आवाज ऐकू यायचा. नंतर एकदम बदलू, असं म्हणत तिनं दोनशे सात ओळी तशाच चढवल्या. तोवर 'मॅडम'ची 'जयमाला' झाली होती, 'तुमी'चं 'तू' झालं होतं आणि गोकुळची मामी येत्या गुरुवारी शेगावी महाराजांच्या दर्शनाला येऊन मग जयमालाच्या घरी चहाला येणार असं ठरलंही होतं.

सोमवारी नुकसानभरपाईची गाववार यादी भिंतीवर लागली. सावरखेडीपुढे शून्य.

जयमालानं धावत जाऊन फाइल उघडली. फॉर्म्युला कापूस शोधत होता आणि ओळींत होती पऱ्हाटी. ते 'नंतर' राहूनच गेलं होतं. इतक्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे शून्य कसं काय?"

कंत्राट, बाबांचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. "सर... त्यांचे कागदच आले नाहीत," ती बोलून गेली.

ते वाक्य त्याच दिवशी सावरखेडीत पोचलं. सख्ख्या मामानं, भगवानरावांनी, चारचौघांत गोकुळला सुनावलं, "तू फिरलाच नाही बे! निंबाखाली झोपून राह्यला, आन् गाव यादीतून गेलं."

बुधवारी त्याचा फोन आला. "तू घेतले ना कागद माह्या हातून? मंग सांग ना साहेबाले."

"पाह्यते," ती म्हणाली. फक्त पाह्यते! गुरुवारी तिच्या आईनं चिवडा केला, कपबशा काढल्या, पण चहाला कोणी आलं नाही.

आठव्या दिवशी तिला स्वतःचंच तोंड आरशात बघवेना. तिनं साहेबांना सगळं सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि फॉर्म्युला दुरुस्त केला. एक बेरीज कापसाची, एक पऱ्हाटीची, मधे अधिकचं चिन्ह. मिनिटाचं काम! शून्याच्या जागी तीनशे अकरा हेक्टर आले. पुरवणी यादी लागली, गावाचं भलं झालं.

दुसऱ्या दिवशी गोकुळ आला. दारातली वायर त्यानं जपून ओलांडली.

"चुकलं माहं," जयमाला म्हणाली. "तुहा शब्द होता... बदलू वाटला नाही."

तो क्षणभर हसल्यासारखा झाला. "त्या चुकीवर तं मी जीव टाकला असता. पण आठ दिवस मी गावात खोटा होतो. मी खरा आहो हे एकाच माणसाले माहीत होतं."

"भेली होती... मी भेली होती, गोकुळ. मामी परत कधी..."

"नाही मॅडम."

मॅडम! तो एक शब्द तिच्या काळजात रुतला. उरलेले पंचनामे टेबलावर ठेवून तो वळला, वायर ओलांडून निघून गेला. तिनं हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार होती?

बऱ्याच वेळानं तिनं गठ्ठा सोडला. अक्षर त्याचंच होतं. पिकाचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत... कापूस, कापूस, कापूस.

डोळे पुसत तिनं सगळ्या ओळी चढवल्या. फॉर्म्युल्यानं पहिल्याच झटक्यात बेरीज दिली. एकही ओळ सुटली नाही.