पोट भरलेला अंगठा

शिवणवाली त्या दुपारी बाही जोडत बसली होती. बाहेर आभाळ दाटलेलं, घरात मशीनची घरघर तेवढी. समोर मोबाईल उभा करून ती रोज शिवण शिकवायची, आणि रोज ‘घुबड’ नावाचा कुणी मेला व्हिडिओखाली गरळ ओकायचा. गळा कापलाय की विहीर खणलीय, असलं. वाचून वाचून तिच्या हातातलं बळच गेलं. आजचं शेवटचं, उद्यापासून मशीनवर चादर, असं तिनं ठरवलं होतं.

थोरली बहीण प्रयोगशाळेत किडे पाळायची. तिनं परवा एक बरणी आणून मशीनशेजारी ठेवली, आत ओला कापूस. म्हणाली, खास किडा बनवलाय. शिव्या टाइपणाऱ्याच्या अंगठ्यातून आत शिरतो, त्याचं विष खाऊन जगतो. दोघी पोट धरून हसल्या होत्या.

बाही जोडून होते तोच घुबडाची ओळ उमटली. ‘बाही छान बसलीय. शिकवणं सोडू नकोस.’

तिची नजर बरणीकडे गेली. कापूस नव्हता.

आतल्या खोलीत नवरा पडला होता. जुना शिंपी, गिऱ्हाइकं बायकोकडे वळल्यापासून घुम्यासारखा बसायचा. सकाळपासून अंगठा ठणकतोय म्हणून कण्हत होता. त्याच अंगठ्याला तो कापूस गुंडाळलेला, वरून चिंधी.

“घुबड तुम्हीच ना?”

त्यानं मान खाली घातली. “तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे गं... बघवत नव्हतं.”

दोन ठेवून द्याव्यात असं तिला वाटलं. पण एवढं खरं तो जन्मात बोलला नव्हता.

“मग आज गोड लिहायचं कसं सुचलं?”

“आज? माझा मोबाईल कालपासून बंद आहे...”

लाजतोय मेला, असं म्हणून तिनं त्याला पांघरूण घातलं. उद्यापासून दोघं मिळून शिकवू म्हणाली. तो लेकरासारखा झोपला.

तिनं थोरलीला फोन लावून सगळं सांगितलं. थोरली हसली.

“अगं, किडा कसला... साधं पाणी होतं त्यात.”

नवरा घोरत होता. चिंधीतला अंगठा मात्र जागा होता. पांघरुणावर टुक... टुक... आणि तिच्या हातातल्या मोबाईलवर अक्षरं उमटत गेली.

‘इथलं विष संपलं. आता कुणाकडे जाऊ?’

खोटं कशाला, तिच्या मनात टोमणे मारणाऱ्या दोन-तीन जणी लगेच आल्या.

अंगठा थांबला. कान देऊन ऐकत असल्यासारखा.