बोलक्या कॉम्प्युटरची खोली

जवळ सरका पोरांनो, आणि मधे कुणी खोकू नका. ही आपल्या भीमराजची गोष्ट. तो थापा मारणारा माणूस नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सव्वीस नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव. अमावस्या-बिमावस्या काही नाही, साधा गुरुवार. पारनेरला अंधांच्या केंद्रात तेव्हा बोलका कॉम्प्युटर होता. बटण दाबलं की त्याचं अक्षर तो इंग्रजीत बोलायचा आणि ओळ संपली की सगळी वाचून दाखवायचा. भीमराज जन्मापासून आंधळा. आजवर त्याचे अर्ज दुसऱ्यांनी लिहिले होते. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीचा हा अर्ज मात्र त्याला स्वतःच्या बोटांनी लिहायचा होता, आणि सकाळच्या टपालात टाकायचा होता. म्हणून सगळे गेले तरी तो बसून राहिला.

आता आंधळा माणूस दिवा कशाला लावेल? कॉम्प्युटरचा पडदाही बंदच असायचा. साडेआठला भीमराज बटणं सोडून मनात पुढची ओळ जुळवत होता, तेव्हाच शिपाई पुंजारामनं अंधारी खोली पाहिली, आत कुणी नाही असं समजून कुलूप घातलं आणि सायकलवर घरी गेला.

हाका मारून मारून भीमराजचा घसा बसला. खिडकीला गज. शेवटी म्हणाला, जाऊ दे, अर्ज तरी पुरा होईल. जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसला.

कॉम्प्युटर बोलला, "एल."

मग, "आय."

"जी..."

त्यानं पंजा बटणांवर ठेवला. पंज्याखाली बटणं आपोआप दबत होती. एकेक. सावकाश.

मग यंत्रानं ओळ वाचली. "लाईट लाव."

"कोन हाय?"

"लाईट लाव. लाईट लाव."

भीमराज उठला. वर्षभर त्या खोलीत वावरला, पण दिव्याचा स्विच कुठं आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. भिंत चाचपली. कपाट. खिळा. पुन्हा भिंत. मागून आवाज भराभर येऊ लागला. लाईट. लाईट. लाईट...

बोटाला स्विच लागला. खट्.

सगळं गप्प.

तो तिथंच भिंतीला पाठ लावून बसला. सकाळपर्यंत हलला नाही.

सहाला पुंजारामनं कुलूप काढलं. "रातभर खिडकीत उजेड हुता म्हनत्यात, म्हनून पळत आलो..." त्यानं वर पाहिलं आणि थांबला.

"काय झालं, पुंजारामकाका?"

"भीमा... हितला बल्ब म्या दसऱ्यालाच काढून नेलाय. तुमाला कशाला लागतोय म्हनून."

भीमराजनं स्विच बंद केला. टेबलावर चढला, हात वर केला. होल्डर रिकामा होता.

आणि तापलेला.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर भाजल्याचा डाग अजून आहे. त्या बोटानं तो ब्रेल वाचायचा. आता त्याला त्या बोटाखाली ठिपके लागत नाहीत.