ताटं दोन, पंगत एक

वच्छला वाट चुकली आणि आमटीच्या वासावर कॅम्पात पोहोचली.

पौषातली दुपार होती. फाट्यावर उतरवताना एस.टी.चा कंडक्टर म्हणाला होता, "ते विजेचे मनोरे दिसतात ना, त्यांच्या कडेकडेनं जा." पण मनोरे दोन्हीकडं! औषधांची पेटी सांभाळत ती तासभर उलट्याच दिशेनं चालली. सोलापूरपासून वीस मैलांवरचा तो माळ, वाट विचारायला चिटपाखरू नाही... आणि मग वाऱ्यावर येसर आमटीचा वास आला. ती मुकाट्यानं त्या वासामागं निघाली.

पत्र्याच्या शेडखाली, चुलीपुढं एक उंच, सावळा गडी पळी घेऊन उभा होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिच्या धुळीनं भरलेल्या चपलांकडं पाहिलं आणि विचारलं,

"ऊटा आतेन्री?"

"काय?"

"कानडीत इचारलं. जेवलात का?"

वच्छलानं पेटी खाली ठेवली. कुर्डुवाडीचं घर सोडून नर्स म्हणून या भागात येऊन तिला आठ महिने झाले होते. लोक तिला ताप विचारत, खोकला विचारत, बाळंतपणं विचारत. जेवलात का, हे कुणी विचारलं नव्हतं. खोलीवर ती मुरमुरे नि शेंगाचटणीवर दिवस काढी, कारण तिच्या भाकरीची माहेरीही चेष्टाच व्हायची.

"मी तापाची पाहणी करायला आलेय," ती म्हणाली. आवाज उगाचच कडक निघाला.

"ताप कुटं पळून जात न्हाय की. आदी बसा."

ती बसली. आणि दोन भाकऱ्या खाऊन उठली.

मनोरे उभारणारी चाळीस माणसं होती त्या कॅम्पात. दूरच्या मुलखातून रेल्वेनं सोलापूरला यायचं, तिथून ट्रकनं माळावर. एकवीस दिवस काम करायचं, मग घरी. त्यांच्या जागी दुसरी तुकडी. दिवाळीपासून प्रत्येक तुकडीतले चार-पाच जण टायफॉईडनं आडवे होत होते. टोचावं, तर टोचणीचा गुण येईपर्यंत माणूस गावी पोहोचलेला असे. मुकादम बिरप्पासुद्धा आठवड्याला घरी जाऊन येई. माळावर कायमचा असा एकटाच, चुलीपुढचा तो आचारी गुरप्पा.

"तुम्ही का जात नाही गावाकडं?" एकदा तिनं विचारलं.

"गावाकडं एक आय हाय. तिला एक भाकर पुरती. हितं चाळीस जन वाट बगत्यात."

ती दर गुरुवारी येऊ लागली. तिनं टाकीत पावडर टाकली, पाणी उकळायला पिंपं मागवली, संडासाचे खड्डे लांब हलवायला लावले. काम संपेतो चुलीपाशी तिचं ताट झाकून ठेवलेलं असे.

"बाई, तुमी गुरुवारीच का येता?"

"ड्यूटी असते गुरुवारी."

"मंग सोमवारी बी कुनाला तरी ताप आला पायजे."

"वाट्टेल ते बोलू नका!" ती डाफरली खरी, पण फाट्यापर्यंत एकटीच हसत गेली. बुधवारी ती केस धुऊ लागली. आता याला ड्यूटी म्हणायचं तर म्हणा!

ताप मात्र हटेना. नव्या तुकडीतला खानदेशचा एक गडी, लग्न होऊन दोन महिने झालेला, बेशुद्ध होऊन सोलापूरच्या दवाखान्यात गेला. त्या गुरुवारी बिरप्पा कपाळाला हात लावून म्हणाला, "पानी बदललं, मानसं बदलली. ताप मातर त्योच!"

वच्छलाचा घास हातातच राहिला. सगळं बदललं होतं. न बदललेला माणूस समोर बसून टॉवेलानं तिच्या ताटावरच्या माशा हाकत होता.

"गुरप्पा... तुम्हाला कधी मोठा ताप आला होता?"

"बारा वर्साचा हुतो. चाळीस दिस हातरुनात. का वो?"

तिनं पेटीतून एक डबी काढून त्याच्यापुढं धरली.

"पयल्यांदाच कायतरी दिलंत," तो हसला, "आन् ती बी रिकामी?"

"उद्या सकाळी भरून द्यायचीय. तपासायला."

"कशानं भरू?"

तिनं सांगितलं. गुरप्पाचे कान लालबुंद झाले आणि त्यानं डबी झटकन टॉवेलात लपवली.

आठवड्यानं डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. "त्याला स्वतःला काही होत नाही, पण जंतू पोटात घर करून आहेत. हातावाटे जेवणात जातात. कॅप्सूल देऊ, गुण येईल न येईल. पण दुसऱ्यासाठी स्वयंपाक आता बंद."

बिरप्पाकडं चिठ्ठी देता आली असती. ती स्वतः गेली.

ऐकून गुरप्पा आधी हसला. मग त्याच्या हातातली पळी हळूच खाली आली.

"म्हंजी... त्या खानदेशच्या गड्याला... मी?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

पळी चुलीपाशी ठेवत तो म्हणाला, "मी बरा झालो, त्याच्या फुडल्या साली आमची सुंदरम्मा गेली. धाकटी भन. तापानंच गेली. आय रानात जायची... पोरीला मीच भरवायचो, बाई."

त्याचा हात हातात घ्यावा असं तिला फार वाटलं. पण भोवती चाळीस माणसं उभी होती. "तुम्हाला माहीत नव्हतं," एवढंच ती म्हणाली. खरं होतं ते, आणि त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं.

गुरप्पानं तांब्याभर पाणी घेऊन स्वतःच चूल विझवली आणि गावची वाट धरली.

नवा आचारी आला, नवी तुकडी आली. एकवीस दिवस गेले आणि एकालाही ताप आला नाही. खानदेशचा गडीही बरा होऊन घरी गेला. आरोग्य खात्याच्या साहेबांनी चार लोकांत वच्छलाची पाठ थोपटली. ती खोलीवर आली, दाराला कडी घातली आणि पोटभर रडली. आपणच त्याला उठवलं त्या चुलीवरून... आता गुरुवार आला की ती मुरमुरेही तसेच ठेवी.

कॅप्सूल न्यायला तो आलाच नाही. शेवटी एका गुरुवारी तिनंच कॅप्सूल पिशवीत टाकल्या आणि अक्कलकोटच्या पलीकडं, त्याच्या गावाला जाणारी एस.टी. धरली.

दारात त्याची आई, ईरम्मा, जोंधळे निवडत होती. तिनं वच्छलाला निरखलं आणि गोठ्याकडं बोट केलं. "तितं हाय. येगळी चूल मांडलीया. म्हैना झाला, कुनासंगं जेवत न्हाय."

गुरप्पा विझल्या चुलीपुढं बसला होता. वाळला होता.

"ऊटा आतेन्री?" वच्छलानं विचारलं.

तो दचकून उठला. "बाई, तुमी? हितं?"

"जेवलात का, ते विचारलं."

"...न्हाय."

तिनं पिशवीतून कॅप्सूल काढून त्याच्यापुढं ठेवल्या, मग साबणाची वडी काढली, हात धुतले, पदर खोचला आणि परात ओढली. "व्हा बाजूला. मी थापते, तुम्ही नुसतं सांगा."

"तुमाला कुटं येती भाकर?"

"म्हणूनच तुम्ही लागता. तुमच्या हाताला बंदी आहे, तोंडाला नाही."

तो सांगत गेला, ती थापत गेली. भाकरी एकीकडं जाड, एकीकडं पातळ, कडा फाटलेल्या. तव्यावर ती करपलीही. तरी तिनं ती मोडून दोन ताटांत वाढली.

"बाई, माझ्यासंगं... तुमाला भ्या न्हाय वाटत?"

"मला टोचलेलं आहे. आणि ताटं दोन आहेत." आता थांबायचं नव्हतं. "तुम्ही गेल्यापासून मला कुणी जेवलात का म्हणून विचारलं नाही, गुरप्पा. मला तुम्ही हवे आहात. ताटं दोनच ठेवू... पंगत एक करू."

"जल्मभर?"

"जेवणाआधी साबण लावणार असाल तर जन्मभर."

गुरप्पा उठला. रांजणापाशी जाऊन त्यानं तीनदा हात धुतले, तिसऱ्यांदा कोपरापर्यंत. मग तिच्यासमोर मांडी घालून बसला, करपलेला तुकडा तोंडात टाकला आणि खूप वेळ चावत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

"लई वंगाळ," तो म्हणाला. "उद्या पानी जरा जास्त घ्या."