फुली नसलेली नोंद

हरवलेली पुस्तकं दर मंगळवारी परत येत. मिरजेच्या ग्रंथपूर्ती केंद्रात त्या दिवशी खोकी उघडत आणि कधीकाळी वाळवीने, पुराने किंवा रद्दीवाल्याने संपवलेले ग्रंथ ताज्या शाईच्या वासासकट बाहेर पडत. लोकांना आता त्याचं अप्रूपही राहिलं नव्हतं.

कुमुदिनीबाई शिरगावकरांना मात्र होतं. त्यांची हयात ग्रंथसूची करण्यात गेली होती. पुस्तकाचं नाव, कर्ता, साल, पानं, आत काय आहे, हे सगळं पाच ओळींत बसवायचं. त्या पाच ओळींसाठी बाईंनी गावोगावचे माळे पालथे घातले होते, आणि आता तेवढ्यावरून केंद्रातलं यंत्र अख्खं पुस्तक उभं करत होतं.

"पण करतं कसं ते?" त्यांनी एकदा डॉ. रेहाना मुजावरला विचारलं होतं. केंद्राची ही प्रमुख पूर्वी त्यांच्याच हाताखाली सूची शिकलेली.

"उतरंडीतलं मधलं मडकं काढलं, तरी वरच्या-खालच्या मडक्यांवरून त्याचा घेर सांगता येतो ना, बाई? लेखकाचं बाकीचं लिखाण, त्या काळची भाषा, त्या मुलखाची माहिती ही आजूबाजूची मडकी. तुमची नोंद म्हणजे रिकामी जागा. तिथे बसेल असं एकच पुस्तक यंत्र शोधतं. असं उभं केलेल्यांपैकी सहा पुस्तकांच्या जुन्या प्रती नंतर सापडल्या. शंभरातली सत्त्याण्णव वाक्यं जुळली."

या मंगळवारी रेहाना पुस्तक घेऊन स्वतःच घरी आली. 'कृष्णेचे उतार', कर्ता अच्युत शिरगावकर, पानं दोनशे बारा.

"तुमच्या भावाचं ना? म्हटलं, पहिली प्रत तुम्हाला द्यावी."

 बाईंनी शीर्षकपान पाहिलं आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"रेहाना, हे पुस्तक हरवलेलं नाही. ते झालंच नव्हतं."

नदी पायी किंवा नावेने जिथे ओलांडता येते त्या जागा, म्हणजे उतार, अच्युत टिपत हिंडायचा. दिवाळीला पुस्तक येतंय, असं दोन वर्षं सांगत होता. प्रत्यक्षात लिहून झालं होतं एक प्रकरण. बाईंची सूची छापायला जायच्या आठवड्यात तो काविळीने गेला, एकोणतिसाव्या वर्षी. सूचिकारांचा दंडक असा, की जी प्रत स्वतः पाहिली नाही तिच्या नोंदीपुढे फुली मारायची. बाईंनी पानांच्या आकड्यासकट सगळी नोंद मनाने लिहिली आणि फुली मारली नाही. भावाचं नाव कुठेतरी राहावं, एवढंच त्यांना वाटलं होतं.

"असं कसं होईल?" रेहाना म्हणाली. "यात पिंपळटेकचा उतार आहे. आम्ही गावात विचारून आलो. तीन म्हातारे म्हणाले, व्हता की, आमच्या आज्यानं बैलं उतरवली तिथनं."

"अच्युत पिंपळटेकला कधी गेलाच नाही."

"त्या म्हाताऱ्यांना आम्ही आधी पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं होतं," रेहाना हळूच म्हणाली. मग बाईंनी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "यंत्राने याची खात्री सत्त्याण्णव टक्के दिलीय. इतर पुस्तकांएवढीच. म्हणजे आपण आजवर उभी केलेली चाळीस हजार पुस्तकं..."

पुस्तक खुर्चीवर ठेवून बाई उठल्या. कपाटातून सूचीची जुनी प्रत काढून त्यांनी पान शोधलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"माझी चूक मीच निस्तरते. फुली मारते, तू हे पुस्तक मागे घे."

"फुलीचा अर्थ काय, बाई? तुम्हीच शिकवलाय."

"प्रत पाहिलेली नाही."

 रेहानाने खुर्चीवर ठेवलेल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "ही तर आता पाहिलीत तुम्ही."

बाईंनी ते उचललं. पहिलं प्रकरण अच्युतने त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि इथे ते जवळपास तसंच होतं, नावाड्याच्या चिलमीसकट. दुसरं पुढच्या रविवारी वाचतो म्हणाला होता. त्या रविवाराला चाळीस वर्षं झाली होती.

पुढचं त्याचं नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि दुसरं प्रकरण उघडलं.