सांव जेंसच्या मठातलं ताट

आधीच सांगते, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. हे जिच्यावर गुदरलं ती माझी सख्खी काकू, बेल्मिरा. ती अजून आहे, चांगली खुटखुटीत आहे. तिनंच मला हे सांगितलं.

पण घरात नाही… अंगणात.

आणि हे घडलं तेव्हा रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. नोव्हेंबरातली, मृतांचा सण नुकताच होऊन गेला होता.

जागा म्हणजे मिन्यो प्रांतातली आमची सांव जेंसची वाडी. वाडी ती आत्ताची, आधी तो मठ होता. फार पूर्वी सरकारनं साधूंना हुसकावून लावलं आणि मठ लिलावात काढले. आमच्या खापरपणजोबांनी हा घेतला. मठाच्या चर्चमध्ये त्यांनी दारूची पिंपं लावली. साधूंच्या खोल्यांत मका भरला.

साधूंचं जेवणघर तेवढं जेवणघरच राहिलं.

साधू तिथे मुकाट्यानं जेवत. मीठ हवं असो की पाणी, बोलायचं नाही, हातानं खूण करायची. एक जण भिंतीतल्या कोनाड्यात उभा राहून पोथी वाचायचा. आमचं घराणं मात्र अस्सल बोलघेवडं. त्या कोनाड्यात आम्ही रेडिओ ठेवला होता!

साधूंची एकच रीत आम्ही पाळत आलो. घरात कुणी गेलं की महिनाभर त्याच्या जागेवर त्याचं ताट वाढायचं. जेवणं उरकली की ते ताट फाटकावर आलेल्या वाटसरूला द्यायचं. मठ विकला तेव्हा एक म्हातारा साधू आजारी म्हणून मागे राहिला होता. मरताना त्यानं हे वचन घेतलं, असं घरात सांगत.

त्या वर्षी ऑक्टोबरात आमचे आजोबा गेले. पर्पेतुआ आजी रोज स्वतः त्यांचं ताट वाढायची. कोबीचं सूप, मक्याचा पाव, पेलाभर दारू.

काकू पोर्तू शहरातली. तिला हे काही पटायचं नाही.

"गेलेल्याला पेलाभर दारू, आणि सुनेला म्हणे तेल जपून वापर," ती आजीला चिडवायची.

"तो होता तेव्हा तुझं सूप पाण्यासारखं असायचं," आजी म्हणायची. "आता तरी सुखानं जेवू दे त्याला."

त्या दिवशी काका आजीला डोळे दाखवायला ब्रागाला घेऊन गेले. निघताना आजी तीनतीनदा बजावत होती.

"ताट फाटकावरच जाऊ दे. कुणी आलं नाही तर थांब. पण घरात कुणी तोंड लावायचं नाही."

"हो सासूबाई. अहो, बस चुकेल तुमची!"

घरात उरल्या दोघीच. काकू आणि तिची पाच वर्षांची मेना. मेनाचं तोंड म्हणजे अखंड चालणारी चक्की. झोपेतसुद्धा बोलायची कार्टी.

जेवण झालं. आजोबांच्या ताटात त्या दिवशी भाताची खीर होती, वर दालचिनीची नक्षी काढलेली. काकू ताट घेऊन फाटकावर गेली. पाऊस पडत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बराच वेळ थांबून ती परत आली.

"आई, मला आजोबांची खीर हवी."

"तुझी खाल्लीस ना?"

"आजोबांची जास्त गोड असते."

काकूला हसू आलं. एवढं चांगलं अन्न वाया घालवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"खा बाई. आजोबा तुला कधी नाही म्हणाले होते?"

मेना आजोबांच्या खुर्चीवर चढून बसली. खात होती आणि बोलत होती. वर कोनाड्यात रेडिओ चालू होता.

"आई, आजोबा वर गेल्यावर पण रोज खीर…"

ती थांबली.

रेडिओही थांबला…

काकूला वाटलं, वीज गेली. तिनं वर पाहिलं. दिवा जळत होता.

मेनानं चमचा नीट पुसून ताटात ठेवला. मग दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून तिनं एक गोल केला आणि आईपुढे धरला.

"हे काय गं नवीन? बोल ना."

पोरगी बोलेना. नुसता गोल धरून बसली. कंटाळून काकूनं पावाची टोपली पुढे सरकवली.

मेनानं मान लववली आणि पाव उचलला.

संध्याकाळी आजी आली. पहिला प्रश्न हाच.

"ताट कुणाला दिलंस?"

"आला होता एक जण," काकू म्हणाली. खरं तोंडून निघेना. "म्हातारासा होता."

"मग गेला ना तो?"

"गेला की."

मेना त्या दिवसापासून कुठेच बोलली नाही. ना जेवणघरात, ना बाहेर. ब्रागाच्या डॉक्टरनं घसा तपासला. घशाला काही झालेलं नव्हतं. काका तिला खांद्यावर घेऊन वाडीभर फिरले, कोंबड्या दाखवल्या, गाढवाची नक्कल केली. एरवी खिदळणारी पोर नुसती पाहत राहिली.

बोलत होते ते तिचे हात. जेवताना ती खुणा करायची. नेहमी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून… आणि मधेच थांबून उत्तराची वाट पाहिल्यासारखी मान हलवायची.

घर सुन्न झालं. त्या शांततेत काकूला आणखी एक गोष्ट ऐकू येऊ लागली.

जेवताना चमच्यांचा आवाज जास्त येत होता.

टेबलाशी माणसं चार. आणि आवाज… पंगतीचा.

एकदा तिनं सगळ्यांना हात वर करून थांबवलं. सगळ्यांचे चमचे थांबले.

पंगतीचे लगेच थांबले नाहीत. ते हळूहळू, एकामागून एक थांबले.

आणि वर कोनाड्यात, बंद रेडिओच्या मागे, कुणीतरी पान उलटलं…

काकूचा धीर सुटला. तिथेच ती सासूच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली.

"सासूबाई, कुणी आलं नव्हतं हो. ते ताट मेनानं खाल्लं. मीच दिलं तिला."

काका ताडकन उठले. आजीनं त्यांना हातानं खाली बसवलं. ओरडली नाही. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"वाटसरूला का देतात, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "तो खातो आणि निघून जातो. गेलेल्याला सोबत घेऊन जातो. घरातल्यानं खाल्लं तर तो कुठे जाणार? तो इथेच बसतो. साधूंच्या पंगतीत."

"मग आता?"

"जागा भरली आहे. दुसरं कुणी बसल्याशिवाय ते पोरीला सोडायचे नाहीत." आजीनं पदर सावरावा तशी शाल सावरली. "वाढ ताट. मी बसते. माझं बोलून झालंय जन्माचं."

"तुम्ही नाही," काकू म्हणाली. "मला मग टोमणे कोण मारणार? चूक माझी आहे. पोरही माझी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचं ताट वाढलं. मेना आपसूक त्या खुर्चीकडे निघाली. काकू आधीच तिथे बसली होती. सूप प्यायली, पाव खाल्ला, दारूचा पेलाही रिकामा केला. शेवटचा घास गिळताना तिला एकच भीती वाटत होती, की एवढं करूनही पोर नाहीच सुटली तर?

मेना तिच्याकडे टक लावून बघत होती. मग वळली आणि दारातून अंगणात पळाली.

आणि मग अंगणातून खणखणीत आवाज आला.

"आई! ए आई! गाढव सुटलंय!"

काका रडत बाहेर धावले. आजी क्रुसाची खूण करत जागीच बसली.

"आई, ओ दे ना!"

काकूनं तोंड उघडलं. जीव एकवटून तिला 'ओ' म्हणायचं होतं.

शब्दच फुटला नाही…

आजोबांचा महिना सरला त्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना काकूला खोकला आला आणि आवाज परत आला. पण तेवढाच, बाहेरचा. त्या जेवणघरात ती आजतागायत एक शब्द बोललेली नाही. प्रयत्न केला तर ओठ हलतात, बाकी काही नाही. मेनाची आता स्वतःची पोरं आहेत. ती त्यांना तिथे जेवू देत नाही.

हे सगळं मला काकूनं गेल्या उन्हाळ्यात सांगितलं, अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली. मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. मग जेवायची वेळ झाली. आम्ही दोघी आत गेलो आणि समोरासमोर बसलो. काकूनं माझ्याकडे पाहून हातानं एक खूण केली. गोल नव्हता तो. तीन बोटं जुळवून तिनं मनगटावर दोनदा टेकवली.

मी मीठ पुढे केलं.

ती खूण मला कुणीच शिकवलेली नाही. काकूनं सांगितलेल्या गोष्टीतही ती नव्हती.

"काकू, मला हे कसं कळलं?" असं मला तिथेच विचारायचं होतं. नुसते ओठ हलले…

ते मी अंगणात आल्यावर विचारलं.