यशोधनची पिवळी गाडी

"ऐकीव नाही हं. आलोकनं स्वतः मला सांगितलं," बापूकाका म्हणाले. गच्चीवर वेदांग अन् ऋचा त्यांच्याजवळ सरकले.

"आलोक माझ्या मित्राचा मुलगा. त्याच्याकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. जबलपुरात अशा गाड्या मोजक्याच, म्हणून मालकांचा एक ग्रुप. रस्त्यात एकमेकांची गाडी दिसली की दोनदा हेडलाइट मारायचे, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. पिवळी गाडी होती यशोधनची.

नोव्हेंबरात एका रात्री तिलवाऱ्याच्या रस्त्यावर आलोकला पिवळी कडेला उभी दिसली. यशोधन आत बसून हात हलवून राहिला होता. आलोकनं फोटो काढला, 'क्या बात है, भैया!' म्हणून ओरडला, अन् निघून गेला.

यशोधनला हार्ट अटॅक आला होता. सकाळी लोकांनी काच फोडली, तोवर..."

काकांनी खांद्यावरची शाल सावरली.

"आलोकनं फोटो अजून ग्रुपवर टाकला नव्हता, तो पुसून टाकला. तेराव्याला यशोधनच्या बायकोनं, वसुधानं, साऱ्या ग्रुपला विचारलं, 'त्या रात्री कुणाला दिसले होते का हो?' आलोकनं मान खाली घातली."

"काहून नाही बोलले?" ऋचानं विचारलं.

"लाज, बेटा. दुसरं काय.

मग एकोणीस डिसेंबर. शुक्रवार, अमावस्या. तिलवाऱ्याला बहिणीकडे औषध पोचवून आलोक परतत होता. साडेनऊ झाले असतील. मागून हेडलाइट लागले. दोनदा. आरशात पाहिलं... पिवळी.

अन् ती तर गोहलपूरच्या गॅरेजात झाकून ठेवलेली!

त्यानं ब्रेक दाबला. मागचे दिवे विझले. रस्ता रिकामा. शेजारचं दार उघडलं... बंद झालं. गाडी त्या अंगाला जराशी दबली.

आलोकनं वळून पाहिलं नाही. बाजूला श्वास चालू होता. जड. तुटक.

'चला, भैया... दवाखान्यात चला,' आलोक समोर पाहतच म्हणाला.

गाडी पळवली. दवाखान्याच्या फाटकाशी पोचला... अन् श्वास थांबला."

वेदांगनं ऋचाचा हात धरला.

"तिथून तो थेट वसुधाकडे गेला. दारात उभ्यानंच सारं सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. एवढंच विचारलं, 'त्या रात्री तू पाहिलंस तेव्हा ते जिवंत होते ना?'

'हो, वहिनी.'

तिनं दार लावून घेतलं.

आलोक गाडीपाशी आला. तेव्हा कुठं शेजारी पाहायची हिंमत झाली. सीट रिकामी.

सीटबेल्ट मात्र... लावलेला."